घट

वर्षातून एकदा हैबती चक्रीचं कापड घेऊन
विट्याला माझ्या दुकानात येतो,
आकडे पुन्हा काढून दे, म्हणतो.
सतरा पार पुसलेला. सात, एकवीस,
बोटांनी, नाण्यांनी, घामानं फिके.
हिरवं शून्य तेवढं जसंच्या तसं,
चौदा वर्षांपूर्वी ट्रॉलीच्या उरलेल्या रंगातलं.

दाजीराम स्टुलावर बसून बघतो.
कोचीनला बावीस वर्षं गलाई केली,
आता दुप्पट करतो: दहा, वीस, चाळीस, ऐंशी,
एकदा लाल लागलं की सगळं वसूल.
वसूल, आणि वर दहा.
ज्या रात्री सातदा लाल आलंच नाही
खिशातून बाराशे सत्तर गेले होते
आणि पुढच्या डावाला बाराशे ऐंशी हवे होते,
त्याच दहा रुपयांसाठी.

परवा रंग वाळल्यावर
मी सदतीस घरांवर सदतीस रुपये मांडले.
म्हटलं, फिरव.
नऊ आला. हातात छत्तीस.
पुन्हा मांडले, तेहतीस आला. छत्तीस.
शून्य आलं, तरी छत्तीसच.

दाजीराम बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
"तोळ्यामागं अडीच गुंजा, वर थोडं.
ही तर घट रे.
आम्ही एवढी काढली असती
तर सराफानं मुशीसकट हाकललं असतं."

हैबतीनं कापडाची घडी घातली.
"शून्याला हात नाही लावलास ना? बरंय ते."

दिवेलागणीला दाजीराम परत आला,
दाराशीच उभा राहून पैसे मागितले.
फार नाही.
दहाच.