स्कोअरशीटच्या मागच्या बाजूला

पुढच्या बाजूला सगळं रीतसर आहे.
कुडचडे विरुद्ध मडगाव, एक्केचाळीस – बेचाळीस,
फाउल, टाइमआउट, पंचांची सही.
कोचच्या नावाचा रकाना चिंचोळा,
आर्तो वाइनिक्का हे नाव
‘वाइनि’पाशीच कुंपणाला धडकतं.

उरलेलं इथं लिहितो.

जन्म कोत्का. बंदराचं गाव, बाप क्रेनवर.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही,
मी खाणीच्या वजनकाट्यावरचा कारकून,
बावीस वर्षं ट्रक मोजले.
तिकडे बर्फ, म्हणून खेळ आत,
शाळेच्या हॉलात, लाकडी जमिनीवर,
ओल्या मोज्यांच्या वासात.
एकोणिसाव्या वर्षी पहिला पगार.
अकरा मोसम, चार क्लब,
उजव्या गुडघ्यात दोन स्क्रू.
शेवटच्या सामन्यात दोन फ्री थ्रो मिळाले होते.
एक गेला, एक नाही.
कुठला नाही?
दुसरा.
परत विचारलं तरी तेवढ्याच आवाजात, दुसरा.

मग दुय्यम कोच, मग मुख्य, मग हाकललेला मुख्य
(शब्द त्याचाच).
एस्टोनिया, सायप्रस.
लागोपाठ नऊ हरल्यावर एका सकाळी
संघाच्या बसऐवजी दाराशी टॅक्सी उभी होती.

आमच्या खाणमालकाच्या धाकट्याला हौस.
दोन वर्षांचा करार, स्टेशनामागं खोली, जुनी स्कूटर.
पाचव्या महिन्यात खाण बंद,
त्याचा नि माझा पगार एकाच सोमवारी थांबला.
मला वाटलं, चालला हा.
तो आला आणि विचारलं,
कोर्टावरचं शेवाळ कशानं जातं?
चुन्यानं, म्हटलं.
दुसऱ्या दिवशी स्कूटरवर दोन पोती,
आणि तो पांढरा, भुवयांपर्यंत.

त्याचा एकच शब्द मुलींनी उचलला: नो नीन.
सुरू करा, तेही नो नीन. पुरे, तेही.
नाझनीनचा अंगठा सुजला, तेव्हाही.
रिवणहून येणारी सुफला वेळीप
घरी म्हशीलाही तेच म्हणते,
आणि म्हैस हलते, असं तिची आई सांगते.

स्पर्धेच्या फॉर्मात रकाना होता, व्यावसायिक की हौशी.
सहा महिने दमडी नाही.
माझं पेन ‘हौशी’वर टेकलंच होतं,
त्यानं बोट ठेवलं, हे नाही, ते.
कसं काय, म्हटलं.
म्हणाला, शिट्टी मी अजून कधी घरी विसरलो नाही.

आता कालचं.
तिसऱ्या सत्रात एल्विटानं कोपऱ्यातून मारला.
पंचांची तीन बोटं वर, मी पाहिली.
पाहिली आणि दोन लिहिले.
का, ते मला सांगता येणार नाही.
बावीस वर्षांत एक ट्रक चुकला नव्हता.
पाटी पलटणारा पोरगा माझ्याकडं बघून पाटी पलटतो,
मग पाटीही चुकली,
आणि शेवटी आम्ही एकानं हरलो.
सही झाल्यावर काही बदलत नाही, नियम आहे.
मुली टेम्पोत रडत आल्या. एल्विटा नाही,
ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

रात्री नऊ वाजता त्याच्या खोलीवर गेलो.
स्टोव्हवर पेज, शेजारी बांगडा.
कागद पुढं केला, जागा दाखवली.
तो बघत राहिला,
बराच वेळ.
त्याच्या देशात गप्प बसण्याला कुणी घाबरत नसावं,
मी मात्र घामानं भिजलो.
गुडघा दाबत उठला,
कागद पालथा घातला,
त्यावर माझ्यासाठी पेजेची वाटी ठेवली.
नो नीन, म्हणाला.
उद्या साडेसहा.
येताना चुना आण.

हा वाटीचा गोल डाग तिचाच.
मी त्याच्याभोवतीनं लिहीत आलो.
एल्विटाला सकाळी मीच सांगणार आहे,
सराव सुरू होण्याआधी.