आठापुढचे दोन दंड

ठाकूरद्वारला, वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
तीन खुर्च्या, अकरा पुस्तकं
आणि स्टीलच्या ताटलीत गार होत चाललेले बटाटेवडे.
दहापैकी गुण द्यायचे, पेन्सिलनं,
म्हणजे खोडता येतील, कार्यवाह म्हणाले,
आणि खोडरबर टेबलाच्या मधोमध ठेवलं
मिठासारखं.

टिपणीसबाई म्हणाल्या, भाषा कशी नितळ हवी.
खोत सर म्हणाले, नितळ ठीक, पण वय बघा ना,
त्यांचं हे शेवटचंच.
मग कुणीतरी जिल्ह्याचं नाव काढलं,
मग जातीचं, न काढता.
मी वडा खात होते.
तोंड भरलेलं असलं की मत द्यावं लागत नाही.

सातवं पुस्तक हरेश्वर केणींचं.
भांडुपच्या मिठागरांवरचं, एकशे बारा पानं.
त्यात एक माणूस नुसता फळी ओढत राहतो
आणि पांढरं हळूहळू वर येतं.
मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा
रात्री, स्वयंपाकघरात, उभ्यानं.

आता हे सांगायला हवं.
एकोणनव्वद साली त्यांच्या दिवाळी अंकाकडून
माझी कविता परत आली होती,
शेवटची ओळ लाल शाईनं खोडून.
समासात बारीक अक्षर: ही नसती तर?
मी ओळ ठेवली. दुसरीकडे छापली.
माझं नाव निघालं की लोक तीच म्हणून दाखवतात,
सत्काराला, शाल पांघरताना,
आणि शालीच्या आत दर वेळी मला ऐकू येतं,
ही नसती तर.

साडेआठ लिहिले. जुन्या वळणानं,
आठापुढे दोन दंड.
मग दंड खोडले.
कागदावर त्यांचे चरे राहिले, बोटाला लागतील इतके.

अर्ध्या गुणानं दुसरं कुणी आलं.
चांगलं आहे तेही पुस्तक. म्हणजे, वाईट नाही.
मानपत्र तुम्हीच लिहा, कार्यवाह म्हणाले,
तुमचा हात चांगला आहे.

टॅक्सी मिळेना. चर्नी रोडपर्यंत चालत गेले.
वारा समुद्राकडून होता, ओठ चाटले तर खारट.

रात्री मानपत्र लिहिलं. चार परिच्छेद.
शेवटचं वाक्य फारच सुंदर जमलं,
टाळ्या पडतील असं.
लाल पेन खणात होतं.
उठले नाही.