तीन की सहा

सारसोळेच्या जेटीवर एक पाटी आहे.
वर लिहिलंय, किमान लांबी.
खाली माशांची नावं, आणि नावांपुढे
जिथे आकडे होते
तिथे खारा वारा जेवून गेलाय.

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात होतो.
ठाण्याच्या बाजारात तराजू उलटे करून पाहिले.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच, मेण, एकदा तर चुंबक,
दुधाच्या मापाला आतून पाडलेला पोचा,
सगळं पकडलं, शिक्के मारले,
कुणाच्या दुकानचा चहा प्यायलो नाही.

निवृत्तीला जावयानं गळ दिला,
काठी काळी, चकचकीत, रीळ जपानी.
म्हणाला, आता बसा निवांत.

निवांत कसला.
सोमवारी सुट्टे पैसे घेऊन थेट कार्यालयात गेलो.
हौशी माणसाला परवाना लागतो का?
कारकुनानं आधी चष्मा पुसला.
"काका, हे विचारायला आलेले तुम्ही पहिलेच."
आणि एक झेरॉक्स दिली, झेरॉक्सचीच झेरॉक्स.

तीनदा वाचली.
बोटी होत्या त्यात, पावसाळ्यातली बंदी होती,
खाडीतल्या राखीव पट्ट्याची हद्द होती,
जाळ्याच्या आसाचं माप होतं.
एका काठीच्या, एका गरीच्या माणसाबद्दल
मला काही सापडेना.

आस म्हणजे जाळ्यातलं भोक.
बारका जीव निसटावा म्हणून
नियमानं राखून ठेवलेली रिकामी जागा.
कुणी ठेवला असेल हा शब्द?
माझ्या गळाला भोक नाही.
म्हणजे ते मलाच व्हावं लागणार,
असं त्या दिवशी बसमध्ये वाटलं
आणि उतरायचा थांबा चुकला.

मग आश्विनातली ती सुकती.
चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या,
दोन बोय बादलीत होत्या,
आणि काठी अशी वाकली
की मी, साठ वर्षांचा माणूस, मोठ्यानं "आई गं" म्हणालो.

जिताडा.
चांदीचं अंग, डोळ्यात तांबूस दिवा.
ओल्या फडक्यावर निजवला, टेप लावली.
एक्केचाळीस.

झेरॉक्स काढली. जिताड्याची ओळ
नेमकी घडीवर आलेली.
शून्य स्पष्ट. शून्याआधी
तीन असेल, किंवा सहा.
तीन असेल तर हा माझा.
सहा असेल तर मी चोर.
जेटीवर कुणी नाही. पाटी गप्प.
आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले,
आता काटा माझ्याच छातीत
इकडे तिकडे हलतोय,
आणि मासा श्वास मोजतोय.

कुणी नाही कसं, धाकलीबाय होती,
कालवं फोडत बसलेली, पाठमोरी.
तिनं मान वळवली, टेपकडे पाहिलंही नाही.
"यो त अजून बाप बी नाय झाला."
म्हणजे?
"जिताडा पयला बाप होतो.
मंग मोठा झाला का आय होतो.
आय बगलीस कवा?"
आणि कोपरापासून बोटांपर्यंतचा हात पुढे केला,
त्याच्याही पुढे, हवेत,
आणखी वीतभर.
"एवरी."

मी ती हवा मोजली नाही.

गरी वाकड्या पकडीनं हळू सोडवली,
पायऱ्या उतरलो, चपला चिखलात गेल्या,
दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला,
कल्ले चालू होईपर्यंत.
तो गेला तेव्हा शेपटीनं तोंडावर पाणी उडवलं.
आभार वगैरे काही नाही.

धाकलीबाय कालवं फोडतच होती.
"आमच्या पोरांना बी सांगत व्हते," म्हणाली,
"त्यांनी विकला."
यावर माझ्या खात्याकडे काही उत्तर नव्हतं.
तिची बोट कर्जावर आहे, माझी काठी भेटीची.

घरी आलो. मनगटावर
एक खवलं चिकटून राहिलं होतं, गोल,
शिक्क्याएवढं.
बायकोनं ते नखानं उचललं, उजेडात धरलं,
आणि विचारलं,
"बाकीचा कुठाय?"