खालच्या पट्टीत

पाचपाखाडीत, पिठाच्या गिरणीच्या वर,
भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका खोलीत
मी दुष्ट असतो
सकाळी अकरा ते चार,
मध्ये जेवणाची सुट्टी.

आजवर तीन काका झालो,
पुतण्याचं राज्य लाटणारे,
एक वजीर, एक सर्कशीचा मालक,
आणि एक गिधाड.
गिधाडाचे पैसे अजून यायचेत.

खोपकर काचेपलीकडून म्हणतो,
"हसू लांबव जरा. ओठ अजून हलतायत त्याचे."
मी लांबवतो.
खाली गिरणी सुरू झाली
तर ती थांबेपर्यंत थांबतो,
मग पुन्हा तेवढंच क्रूर हसतो.

इतकी वर्षं यांच्या तोंडात राहून
एवढं कळलंय,
की आई पहिल्या दहा मिनिटांत जाते.
वादळात, नाहीतर खोकल्यात.
तिला ओळी तीन, त्यातली एक अंगाईची.
मागे उरतो बाप. ढेरपोट्या, विसरभोळा.
पोरगी बुरुजात कैद आणि हा चष्मा शोधतोय,
चष्मा कपाळावर.
बापाचं काम सदावर्ते करतो, अर्ध्या दिवसात उरकतं.
मला चार दिवस लागतात.
माझा माणूस पहाटे उठतो, नकाशे काढतो,
नोकरांची नावं त्याला पाठ,
राजकन्येचा वाढदिवस साऱ्या महालात
त्याच्याच लक्षात असतो.
शाप द्यायचा असतो म्हणून, पण असतो.
घरात जो लक्षात ठेवतो
त्यालाच जांभळा झगा.

संध्याकाळी ऐरोलीचा पूल ओलांडतो.
खाडी ओसरलेली, चिखलात गुलाबी ठिपके उभे,
गालात ज्येष्ठमधाची काडी.
आठ सेक्टरमध्ये शेजारच्या डिमेलोबाईंकडून
शाल्मलीला उचलतो.
वय साडेसहा.
तिची आई महापेला, गोळ्यांच्या कारखान्यात,
दुसरी पाळी.
कंपनीची बस पावणेबाराला.

जेवताना रिमोट शाल्मलीकडे.
ती पहिली दहा मिनिटं पळवते.
दर वेळी.
वादळ, खिडकीचा पडदा, पांढरी चादर
सरसर निघून जातं
आणि मुलगी एकदम मोठी होऊन
पक्ष्यांशी बोलत असते.
"इथून बघू," म्हणते.
का, ते मी कधी विचारलं नाही.

परवा दोडका होता.
तिने ताट सरकवलं, मी पुढे केलं,
तिने सरकवलं.
वाटी पालथी झाली
आणि मी ओरडलो.
माझ्या आवाजात.
तो कुठल्याच स्टुडिओत कुणी ऐकलेला नाही,
पातळ, किनरा, माझ्या वडिलांचा.
ओठ मिटल्यावरही
तो थोडा वेळ चालूच होता.

रडली नाही.
फरशीवरच्या दोडक्याकडे बघत म्हणाली,
"रागवायचं असेल तर त्या आवाजात रागव ना.
वजिराच्या.
तो खोटा असतो, मला माहितीये."

फडकं आणलं. फरशी पुसली.
उकिडवं बसूनच छाती भरून घेतली,
खालची पट्टी लावली,
"राजकन्ये! दोडका!"
मध्येच आवाज चिरकला.
"हे गिधाड आहे," ती म्हणाली.
बरोबर होतं तिचं.
दोन घास खाल्ले तिने,
तिसरा गिधाडाला भरवला.

पावणेबारा होऊन गेले.
मी खिडकीत.
खाली वॉचमन खुर्ची सावलीतून दिव्याखाली घेतो,
परत सावलीत नेतो.
बारा.
बारा पाच.
मग कोपऱ्यावर दिवे वळले,
बसचं दार फुसकारलं.

आतून, केव्हाच झोपली असं धरून चाललो होतो
त्या अंथरुणातून,
"आली का?"

"आली," मी म्हणालो.
तो कुठला आवाज लागला होता
ते खोपकरनेच सांगावं.