तारखेची जागा कोरी

भांडुपला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत माझा गाळा.
एक छपाईयंत्र, एक कटर,
आणि कॉम्प्युटरशेजारी स्टीलची ताटली.
लेबल छापायला येईल त्याला पहिलं सांगतो,
आधी पुडी फोडा.
चव कळल्याशिवाय मला रंग सुचत नाही.

म्हणून गेल्या अकरा वर्षांत
या शहराचा बराच भाग मी खाल्लाय.
मुलुंडच्या साठ्येबाईंची पडवळाच्या बियांची चटणी,
जिभेला आधी काहीच कळत नाही,
मग घसा म्हणतो, अरे!
मानखुर्दच्या इस्माईल मुजावरचा आलेपाक,
इतका जहाल, की पिवळा बाजूला ठेवून
मी विटकरी दिला.

एकाने चकलीच्या पाकिटावर लिहून आणलं: 'घरघुती'.
मी घ चा ग केला.
तो म्हणाला, राहू द्या ना,
गिऱ्हाईक त्याच्यावरनंच ओळखतं.
राहू दिलं.

वसईहून फिलोमिना डाबरे आली सुकेळी घेऊन.
उन्हात वाळलेली केळी, सुक्या पानात गुंडाळून
दोऱ्याने आवळलेली.
गोड, पण घाई नसलेलं गोड.
मी म्हटलं, पारदर्शक डबीत घाला, खप वाढेल.
तिने असं बघितलं
जणू तिच्या आईचं लुगडं फेडायला सांगितलं मी.
शेवटी लेबलालाच भोक पाडलं,
दोऱ्यात ओवता येईल असं.

आणि रेवती सकपाळ, कांजूरच्या चाळीतली.
नाचणीची शंकरपाळी, गुळातली, वर ओवा.
ओवा पहिल्यांदा चुकून पडला होता, म्हणाली,
मग चूकच कायम केली.
मी विचारलं, टिकतात किती दिवस?
लेबलावर लिहावं लागतं.
ती विचारात पडली.
काय माहीत. आमच्या घरात
चौथा दिवस कुणी बघितलेला नाही.

मग तीन पाकिटं माझ्या खणात ठेवली.
दर पंधरवड्याला ती यायची,
आम्ही एक फोडायचो,
आणि मी बिलबुकाच्या मागे लिहायचो:
पंधरा: खुसखुशीत, शंका नाही.
तीस: ओवा मागे सरकला, गूळ पुढे आला.
पंचेचाळीस: तेल स्वतःची ओळख सांगायला लागलंय.
ती म्हणाली, थांबा. तीस लिहा.
मी म्हटलं, मोठे लोक सहा महिने छापतात,
तीस दिवसांचा माल दुकानदार घेत नाही.
मग दुकानदाराला खायला घालते, म्हणाली,
आणि पिशवी उचलून गेलीसुद्धा.

हजार लेबलं छापली. चारशे नेली.
मग तिची चाळ पाडायला घेतली,
फोन लागेना,
सहाशे लेबलं कपाटावर, रबर लावून,
तारखेची जागा कोरी.
रद्दीत घालायला दोनदा काढली.
दोनदा परत ठेवली.

परवा कुरियरने पुडी आली, टिटवाळ्याहून. पाठोपाठ फोन.
लेबलं आहेत ना? पत्ता खोडून नवा लिहा,
नवीन छापायला पैसे नाहीत.
आणि इथल्या वाण्याचा गूळ काळा आहे,
खाऊन सांगा, फरक पडलाय का.

फोन कानाला धरूनच एक चावलं.
पडला होता.
काहीतरी खोल, थोडं करपल्यासारखं,
वाईट नव्हे, पण ते नव्हे.
दुसरं चावलं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मी म्हटलं, ओवा जरा जास्त झालाय.
ती हसली.
ओवा तेवढाच आहे हो.
तुमची जीभ म्हातारी झाली.

आता जेवणाच्या सुट्टीत बसतो पेन घेऊन,
कांजूर खोडतो, टिटवाळा लिहितो,
दिवसाला चाळीसेक होतात.
ताटलीतलं संपत आलंय.
आज नववा दिवस.