समकक्ष

अर्जात हुद्द्याचा रकाना नव्हता.
मी 'इतर माहिती'त लिहिलं :
हवालदार, नर्सिंग असिस्टंट, आर्मी मेडिकल कोअर,
सतरा वर्षं दोन महिने.
मुलुंडच्या त्या गारढोण खोलीत
मिस बोथेलो म्हणाल्या, सर, हे सगळं छान आहे,
पण कौन्सिलचं रजिस्ट्रेशन?
लखनौच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स त्यांनी उलटून पाहिली,
मागे काही असेल म्हणून.
मागे बायकोनं वाण्याचा हिशोब केला होता.

समकक्षतेची फाईल वर गेलीय, म्हणाल्या.
वर म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाही.
फौजेत वर म्हणजे डोंगर.
इथं बहुतेक चौथा मजला.

तोवर मी पेशंट अटेंडंट, आर. घाडीगांवकर.
सुईला हात लावायचा नाही, ट्रॉली ढकलायची.
सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगतो :
बर्फात, बॅटरी दातात धरून,
एका पोराच्या छातीत सुई घालून
कोंडलेली हवा सोडवलीय या हातांनी.
सुर्र झालं, आणि थोड्या वेळानं तो म्हणाला,
उस्ताद, भूख लगी है.

आता नवीन सिस्टर सलाईन लावताना
शीर चुकवते, दोनदा,
आणि मी छताकडे बघतो.
तिसऱ्यांदा हळूच म्हणतो,
सिस्टर, जरा अंगठ्याच्या रेषेत.
सापडते. ती काही बोलत नाही.
दुपारी चहा पाठवते.

सवयी आहेतच.
चादरीचे कोपरे मी अजून मोजून दुमडतो.
वहीत ०२१५ लिहितो, तर नाईटची पोरं विचारतात,
काका, हा कुठल्या बसचा नंबर?
डॉक्टर आले की उठून ताठ उभा राहतो,
आणि सव्वीस वर्षांचा तो डॉक्टर
दचकून स्वतःच्या मागे बघतो, कोण आलं म्हणून.

तिथं जखमी एकटा यायचा.
गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर आणि रक्तगट.
त्याची आई कुठल्याशा गावात मिरच्या वाळत घालत असायची,
तिला कळायला दोन दिवस लागायचे.
तोवर आम्ही काय ते करून मोकळे.
इथं एका जखमीमागे अकरा माणसं
आणि अकराजणांचा प्रश्न एकच.

गुरुवारी रात्री भांडुपहून एक पोरगा आणला,
परांचीवरून पडलेला, केसांत सिमेंट.
मला बघताच कळलं.
तिथं अशांना काळी चिठ्ठी बांधून बाजूला ठेवायचो
आणि जगेल त्याच्याकडे वळायचो.
तसा नियम होता,
नियमाच्या आड उभं राहता यायचं.
इथं ट्रॉलीचा एक दांडा माझ्या हातात,
दुसरा त्याच्या आईच्या. सोडेचना.
भाई, तुम मिलिटरीवाले लगते हो, म्हणाली,
झूठ मत बोलना.

सतरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी फक्त वर कळवायचो : सर, पल्स नाही, सर.
जीभ त्याच वाटेला लागली होती. धरून ठेवली.
लिफ्ट आली, पोरांनी ट्रॉली आत घेतली,
दार मिटलं.
तिच्या एकाच पायात चप्पल होती.

अम्मा, बैठो, म्हटलं, मैं भी बैठता हूँ.
वर्दीतल्या माणसानं जमिनीवर बसायचं नसतं,
तिथंही आणि इथंही.
बसलो.
ती विचारत राहिली, मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
मग पाणी आणलं.
दुसरी चप्पल गेटच्या जाळीत अडकली होती,
ती सोडवून आणली, तिच्या पायाशी ठेवली.
वहीत वेळ लिहायची राहून गेली.

सोमवारी मिस बोथेलोंचा फोन :
फाईल खाली आलीय, सर, एक कागद कमी आहे.
नागरी अनुभवाचा दाखला, किमान सहा महिने.
मी बोटांवर मोजले. चार महिने बारा दिवस.
गुरुवारची रात्र कशात धरायची,
ते विचारायच्या आत
त्यांनी दुसरी लाईन घेतली.