टोमॅटो काळा होईपर्यंत

त्रिमूर्ती चौकात टेम्पो उभा होता,
गिरणाऱ्याचा माल, वीसला दीड किलो.
पिकलेले पण गाल अजून ताठ असलेले
एकेक निवडत बसले, तेव्हा टेम्पोवाला म्हणाला,
ताई, सूप का?
म्हटलं, नाही. चटणी. लांबच्या गावची.

किती लांब, ते मलाही
ग्रासिएलाने नकाशावर बोट फिरवलं तेवढंच ठाऊक.
मागच्या माघात ती सातपूरला आमच्या कंपनीत
गिअर तपासायला आली, तीन आठवडे.
सुपरवायझर तिला ग्रेसबाई म्हणायचा.
कँटीनमध्ये कुणी कौतुकाने तिच्यापुढे बाटली ठेवली,
वर मोठ्या टोपीचा मिशाळ माणूस, खाली 'मेक्सिकन' लिहिलेलं.
तिने बोटावर थेंब घेतला, चाखला,
आणि दात तुटका निघाला की करायची
तोच चेहरा केला.
रिजेक्ट.

त्या रविवारी ती सिडकोत, आमच्या ओट्यापाशी.
तवा मागितला खुणेनेच.
तेल? नाही.
मोहरी? नाही.
हिंगाची डबी मी आपली सवयीने उघडली,
तिने टक् करून मिटली.

म्हणून आजही तवा कोरडा.
चार टोमॅटो, अर्धा कांदा,
लसूण सालीसकट, मिरच्या देठासकट,
आणि मग काहीच करायचं नाही.
हेच अवघड.
तीस वर्षं काही करपू नये म्हणून
धावत आलेला हात आहे हा.
साल फुटते, रस चरचरतो, काळा डाग धरतो,
हात निघतोच उलथन्याकडे.
थांब, म्हणते मी त्याला. अजून होऊ दे.
काळा झाला म्हणजे बिघडला नाही.

हे तिने सांगितलं असं म्हणता येणार नाही,
मराठीतला एकच शब्द तिला यायचा, 'पुरे',
तोही कँटीनच्या वाढप्याने शिकवलेला.
तिने नुसतं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मिरचीचा खाट जिन्यात गेला.
समोरच्या सोनजेबाई दोनदा शिंकल्या,
दार उघडून म्हणाल्या, कुणाची दृष्ट काढतेस गं?
टोमॅटोची, म्हटलं.

मिक्सरकडे तिने पाहिलंही नव्हतं.
फडताळात मागे खल दिसला, तेव्हा मात्र हसली,
परक्या स्टँडवर माहेरचं माणूस दिसावं तशी.
विजेच्या बिलामागे तिच्या घरचा काढून दाखवला,
काळ्या दगडाचा, तीन पायांचा.
मला आधी डुक्कर वाटलं.
बिल भरून झालं, ठेवलंय अजून.

आधी लसूण नि मीठ, मग मिरची,
मग टोमॅटो, काळ्यासकट, ओबडधोबड.
कांदा सुरीने. कोथिंबीर. लिंबू.
आणि झाकून अर्धा तास.

पंडित पेपर बाजूला ठेवून आले,
बोट बुडवून म्हणाले, हा तर ठेचाच.
कूट घाल थोडं, वर फोडणी दे.
नाही, म्हटलं.
का नाही, ते काही सांगता येईना.
ठेचा दारातच भांडायला उभा असतो.
ही आधी आंबटगोड बोलते, धुराचा वास दाखवते,
घास खाली उतरला की मागून हाक मारते.
हे मी बोलले नाही. मी भाकरी मोडली,
कालची, ज्वारीची, कडक शेकलेली.
दोन तुकड्यांनंतर त्यांनी वाटीच पुढ्यात ओढली
आणि पुन्हा पेपर उघडला.

तरी तिच्यासारखी नाही झाली.
चिमूटभर मीठ टाकलं, अजून लिंबू पिळलं,
काहीतरी राहिलंय, ते सापडत नाही.
फोटो पाठवलाय.
तिकडे मध्यरात्र उलटली असेल,
एकच टिक दिसतेय.

एखादा दात कमी असेलच.
खलाच्या खळग्यात करपलेली साल चिकटलीय,
ती बोटाने पुसून खाते आहे,
खल धुवायचा राहिलाय.